सात खिळ्यांचा चुंबक

माझ्या थोरलीचं लग्न झालं, त्याच वर्षाची ही गोष्ट. लग्नाला सहा महिने झाले होते आणि तिला तिसरा महिना लागला होता. जावई कोळशाच्या खाणीत आत कोळसा फोडायला जायचे. मी त्याच खाणीच्या तोंडाशी, दिवाघरात कामाला होते. म्हणजे जावई रोज सकाळी कामावर जाताना माझ्याच हातून दिवा घेऊन खाली उतरत, आणि पाळी संपली की माझ्याच हातात परत देत.

खाणीत उघडी ज्योत चालत नाही. कोळशाच्या फटींतून गॅस सुटतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि एका काडीनं सगळी खाण पेटते. म्हणून खाली जाळीचा दिवा न्यायचा. आत तेलाची ज्योत, तिच्याभोवती जाड काच, वर बारीक तारेची दाट जाळी. सकाळी दिवा पेटवून बंद केला की आतली लोखंडी कळ स्प्रिंगनं खट्‌कन बसायची. मग तो दिवा कितीही झटापट केली तरी हातानं उघडायचा नाही. तो उघडतो चुंबकानं, आणि चुंबक फक्त दिवाघरात. खाली कुणाचा दिवा विझला तर त्यानं अंधारात चाचपडत, दुसऱ्याच्या उजेडाच्या मागून, थेट माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी यायचं आणि तिथून दुसरा दिवा घ्यायचा. लांबच्या फळीवर, म्हणजे कोळसा फोडायच्या जागेवर, काम करणाऱ्याला यायला-जायला दीड तास लागे. त्यावरून पुरुष फार करवादायचे.

दिवाघराचे मुख्य होते मास्तर. कधीकाळी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. दिवा घेताना माणूस आपला बिल्ला द्यायचा, तो फळ्यावर त्या दिव्याच्या खिळ्याला लावायचा; त्या बिल्ल्यांवरचे आकडे मात्र मी माणसांच्या चेहऱ्यांसारखे ओळखायची. चुंबकाचं सगळं मास्तरांनी मला हातात देऊन शिकवलं.

आमच्याकडे दोन चुंबक होते. वीतभर लांब, बोटाएवढे जाड, चौकोनी, काळ्या पोलादाचे. प्रत्येकाचं एक टोक लाल रंगवलेलं. दोऱ्यानं मधोमध टांगला की ते लाल टोक फिरत फिरत उत्तरेला जाऊन थांबायचं. लाकडी पेटीत दोघं शेजारी, पण उलटसुलट ठेवायचे, एकाच्या लाल टोकाजवळ दुसऱ्याचं काळं, आणि दोन्हीकडे लोखंडाची एकेक पट्टी.

"असे ठेवले की नवराबायकोसारखे एकमेकांना धरून गप्प पडून राहतात," मास्तर म्हणायचे. "लालाला लाल लावून ठेवलेस तर रात्रभर ढकलाढकली करतील आणि चार महिन्यांत दोघांतला जोर उतरेल."

पण दिवा उघडायचा तेव्हा नेमकं उलटं करायचं. लाकडाच्या चिमट्यात दोन खाचा होत्या. दोघांची लाल टोकं एकाच बाजूला करून, ते एकमेकांना ढकलत असताना, पितळी स्क्रूनं आवळून टाकायचे. मग दोघांची ओढ एका जागी यायची आणि कळ मागे सरकायची. एकट्यानं चांगला दिवा उघडत नसे. आणि टोकच लावावं लागे. चुंबकाच्या मधल्या भागाला काही ओढ नसते, तिथं टाचणीही धरत नाही. सगळा जोर दोन टोकांना.

दर सोमवारी दहा वाजता त्यांचा जोर मोजायचा. लाल टोकाला एक खिळा लावायचा, त्या खिळ्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी माळ लोंबत जायची. दोघांनाही सात खिळे पेलायला हवेत. खिळे ठरलेले, डबीत वेगळे ठेवलेले.

त्या सोमवारी मी पेटी उघडली. पहिल्यानं सात खिळे धरले. दुसऱ्यानं एक धरला, तोही डुलत डुलत खाली पडला.

मला वाटलं, तेल लागलं असेल. टोक पुसलं. खिळे बदलले. पुन्हा एकच, पुन्हा टप्‌. मग तो पहिल्याला चिकटवून पाहिला, तर ह्याच्या टोकाला चार खिळे लोंबले. पहिल्यापासून तोडला, तसे चारही एकदम टेबलावर सांडले.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माणूस कळलेलं लवकर मानत नाही. मी दोघांची लाल टोकं समोरासमोर आणली. हातांना रोज ठाऊक असलेला तो धक्का यायला हवा होता, जणू मध्ये रबराचा चेंडू आहे. आला नाही. खट्‌कन चिकटले. उलटा करून काळं टोक लावलं. तेही चिकटलं.

मास्तरांचं पहिल्या दिवसाचं वाक्य होतं, "ओढण्यावर जाऊ नकोस. साधं लोखंडही चुंबकाला चिकटतं. ढकलून दाखवेल तो चुंबक."

पेटीतला दुसरा चुंबक, चुंबक नव्हताच. लोखंडाच्या गजाचा तुकडा होता, कानशीनं घासून, काळा करून, एका टोकाला लाल रंग दिलेला. मी नखानं खरवडलं. रंग अजून मऊ होता. नखात अडकलेला तो लाल मी उजेडात धरून पाहिला.

आठ दिवसांपूर्वी जावयांनी घराचं दार रंगवलं होतं. थोरली हौसेनं मला दाखवायला घेऊन गेली होती. असा भडक लाल की मी म्हटलं, "लांबून दवाखाना वाटतोय." उरलेला डबा त्यांनी चुलीमागे ठेवला होता.

हा तोच लाल होता.

मग गुरुवारची संध्याकाळ आठवली. थोरलीनं माझ्यासाठी काहीतरी करून पाठवलं होतं, ते द्यायला जावई दिवाघराच्या खिडकीशी आले होते. मास्तर चहाला गेले होते. मी दिवे उघडत होते. मी त्यांना आत बोलावलं.

"सासूबाई, तुमचा हात लागला की दिवे कसे मुकाट उघडतात," ते म्हणाले. "आम्ही खाली दगडानं ठोकलं तरी ढिम्म."

"ठोकून काय होतंय, जावईबापू? अक्कल लागते," मी म्हटलं, आणि फुशारकीनं सगळं दाखवलं. लाल-लाल, लाल-काळं, चिमटा, खिळे. जन्मात पहिल्यांदा मला असं काही येत होतं, जे घरातल्या पुरुषाला येत नव्हतं.

"आणि एकानं नाही उघडत?"

"नाही. आता तुमचा एक्केचाळीस नंबर घ्या, तो जुन्या लॉटातला. त्याचा स्प्रिंग ढिला झालाय. तो एकानंही उघडेल."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं बोलले.

मी फळ्याकडे पाहिलं. एक्केचाळीसच्या खिळ्यावर दिवा नव्हता, बिल्ला होता. म्हणजे माणूस खाली. सकाळी मीच दिवा बंद करून दिला होता, आणि बंद करायला चुंबक लागत नाही, म्हणून पेटी उघडलीच नव्हती; शनिवारी संध्याकाळी उघडली तेव्हा दोन्ही चुंबक खरे होते, आणि रविवारी खाण बंद. अडतीस नंबर त्याच जुन्या लॉटातला, त्या दिवशी रजेवरच्या माणसाचा. तो काढून त्याच्या कळीला मी एकटा उरलेला चुंबक लावला. टक्‌. उघडला.

मास्तर आत आले तेव्हा मी तो उघडा दिवा हातात घेऊन उभी होते.

"काय झालं, बाई?"

मी गजाचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उरलेल्या चुंबकाला एका बाजूनं लावला, दुसऱ्या बाजूनं लावला. दोन्ही वेळा चिकटला. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"कुणी?"

आता बघा, 'ठाऊक नाही' म्हणणं किती सोपं होतं. मग खाणभर शोध झाला असता. एकशे बारा माणसं, चार फळ्या, एकेकाचा डबा, एकेकाची टोपी. तीन तास सहज गेले असते, आणि तेवढ्यात दिवा विझला, तर दीड तासाची फेरी वाचवायला तिथंच उघडून काडी ओढायला कितीसा वेळ लागतो? पण नाव घेतलं तर जावयाची नोकरी जाणार होती आणि बेडी पडणार होती. खाणीत दिवा उघडणं हा गुन्हा होता. दारावर तसं लिहिलेलं होतं म्हणे.

मी हातातला उघडा दिवा टेबलावर ठेवला.

"एक्केचाळीस," मी म्हटलं.

मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं. "तुझा जावई."

"हो."

"स्प्रिंग ढिला आहे हे त्याला कुणी सांगितलं?"

"मीच."

त्यांनी तो उघडा अडतीस नंबर उचलून त्याची कळ पाहिली. मग म्हणाले, "आणि पेटीची किल्ली खिडकीच्या खुंटीला लटकवून चहाला कोण जातं? मी. चल."

पिंजऱ्यापाशी घंटीवाला बसलेला असे. पिंजरा वर-खाली करायच्या घंट्या तोच द्यायचा आणि खाली बोलायचा फोन त्याच्यापाशी होता.

"काय दिवेवाली, आज इकडे? तेल संपलं की मास्तरांचा चहा?"

कुणी हसलं नाही, तसा तो सावरून बसला. मास्तरांनी फोन घेतला. खाली मुकादमाला थोडक्यात सांगितलं. "तिसरी फळी. एक्केचाळीस. धावू नकोस, तुझाच दिवा आपटेल. पण थांबूही नकोस."

पिंजऱ्यापासून तिसरी फळी चाळीस मिनिटांवर. फोन तिथपर्यंत नव्हता.

आम्ही उभे राहिलो. घंटीवाल्याच्या घड्याळाचा काटा दर मिनिटाला टक्‌ करून पुढे सरकायचा. मी पायाखालच्या जमिनीकडे पाहत होते. आत काही झालं तर आधी पायांना कळतं, असं बायका सांगायच्या. एकदा मालाची गाडी रुळांवरून गेली आणि मी घंटीवाल्याचा दंड धरला. त्यानं माझा हात तसाच राहू दिला.

अशा बातम्यांना पाय असतात. पंचवीस मिनिटांत थोरली फाटकातून धापा टाकत आली. पदर नीट नव्हता.

"आई, काय झालं? खाली काही झालं का?"

मी सांगितलं. जेवढं होतं तेवढं सगळं.

"तू नाव सांगितलंस?"

"हो."

"माझ्याकडे आधी यायचं होतंस."

"तुला सांगून तू काय करणार होतीस, बाळ?"

"काय करणार होते ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस," ती म्हणाली आणि माझ्यापासून दूर, घंटीवाल्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

फोन वाजला तोवर काट्यानं त्र्याऐंशी मिनिटं मोजली होती. घंटीवाल्यानं ऐकलं आणि ठेवला. "घेऊन येतायत. चालत येतोय."

थोरली तिथंच खाली बसली.

पिंजरा वर आला. मुकादम पुढे, जावई मागे, तोंड काळं, त्यात दोन डोळे. त्यांना दिवाघरात आणलं. खाणीचे मोठे साहेबही तोवर आले होते, हातात वही घेऊन. मुकादमानं टेबलावर एकेक वस्तू मांडली. एक्केचाळीस नंबरचा दिवा, विझलेला पण बंद. टोपीच्या अस्तरातून निघालेल्या दोन काड्या. आणि चुंबकाचे दोन तुकडे.

"हा मोडला कसा?" मास्तरांनी विचारलं.

"डब्यात मावेना," जावई खाली बघत म्हणाले. "ऐरणीवर ठेवून हातोड्यानं मोडला. म्हटलं, लाल टोकाचा अर्धा नेला की झालं, ओढणारं टोक तेच. निघताना दुसराही टाकला बरोबर." मग माझ्याकडे वळून, चिडून नव्हे, तक्रार करावी तसं म्हणाले, "आई, तो उघडलाच नाही. अर्धा तास खटपट केली."

कसा उघडणार? चुंबक मोडला म्हणून त्याचं एक टोक इकडे आणि एक तिकडे असं होत नाही. मोडल्या जागी लगेच नवं टोक तयार होतं, लालाच्या तुकड्याला काळं, काळ्याच्या तुकड्याला लाल. दोन आखूड चुंबक झाले, आणि हातोड्यानं त्यांचा निम्मा जोर घालवला होता. मी खिळे लावून पाहिले. एकानं तीन धरले, दुसऱ्यानं दोन.

"मी पोचलो तेव्हा हा काय करत होता सांगू का?" मुकादम म्हणाला. "शेजाऱ्याच्या दिव्यापाशी बसून दोन्ही तुकडे बोटांत धरून एकमेकांवर दाबत होता. ते सारखे निसटत होते. आणि माझ्या दिव्यात ज्योतीवर निळी टोपी चढली होती. बोटभर."

निळी टोपी म्हणजे तिथं गॅस होता. जावयांनी वर पाहिलं. हे त्यांना आत्ताच कळत होतं.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे चोरी झाली. पण ह्या तुकड्यांनी दिवा उघडला असता का? नसता, तर मी चोरी एवढंच लिहितो. नोकरी जाईल, पुढे काही नाही. उघडला असता, तर मला पोलिसांना बोलवावं लागेल." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "करून दाखवा."

मास्तरांची बोटं म्हातारपणानं थरथरायची. बारीक काम सगळं माझ्याकडे. त्यांनी तुकडे माझ्या हातात दिले.

खिडकीच्या बाहेर थोरली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तुकडे हातात घेतले तसे ते आपोआप वळायला लागले. लालाला काळं लावून गप्प पडून राहायचं होतं त्यांना. मी बोटं नुसती सैल सोडली असती तरी ते खट्‌कन जुळले असते, आणि तशा जोडीनं एक टाचणी धड उचलली नसती. मी ती जोडी दिव्याला लावून दाखवली असती, कळ हलली नसती, साहेबांनी 'नाही' असं लिहिलं असतं. साहेबांना लाल-काळं कळत नव्हतं. मुकादमालाही नाही. मास्तरांना कळत होतं, आणि ते खिडकीच्या उलट्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. मला मोकळं सोडण्यासाठीच.

मी फळ्याकडे पाहिलं. जुन्या लॉटाचे बावीस दिवे. त्यांचे स्प्रिंग मी रोज पुसत होते आणि ढिले होताना रोज बघत होते. आज 'नाही' लिहिलं गेलं तर उद्याही तेच दिवे खाली जाणार. उद्या दुसरा कुणीतरी शहाणा होणार, आणि त्याची सासू दिवाघरात नसणार.

मी दोन्ही लाल टोकं एका बाजूला केली आणि अंगठ्यानं दाबली. तुकडे ढकलायला लागले. हातोड्यानं मेले होते तरी ढकलत होते. बोटं पांढरी पडेपर्यंत मी दाबून धरले, आणि एक्केचाळीसच्या कळीला लावले.

टक्‌.

दिवा उघडला.

साहेबांनी लिहिलं. जावई माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग होता का, मला सांगता येणार नाही. तोंड कोळशानं माखलेलं होतं. मी मान फिरवली तोवर खिडकीत थोरली नव्हती. कागदावर मी अंगठा दिला, मास्तरांनी सही केली.

जुने बावीस दिवे त्याच आठवड्यात मोडीत निघाले. मास्तरांना किल्लीबद्दल घरी बसवलं. मला काढलं नाही, कारण दिवे पुसायला दुसरं कुणी तयार होईना. जावयांना आठ महिन्यांची सजा झाली. नातीचा जन्म झाला तेव्हा ते आत होते. थोरली मला बाळंतपणाला बोलवायला आली नाही. मी लाल दारापर्यंत गेले आणि परत आले. ती माझ्याशी सहा वर्षं बोलली नाही. सातव्या वर्षी नातीला शाळेत घातलं, तेव्हा तिला पोचवायला सकाळी कुणी नव्हतं, म्हणून निरोप आला. पोरीच्या पाटीवरच मी अक्षरं शिकले.

जावयांनी पुढे कुलपं दुरुस्त करायचं दुकान टाकलं. ते माझ्याशी आदरानं वागले, पण त्या दिवसाबद्दल एकदाच बोलले. नातीला दोन चुंबक खेळायला आणले होते. ती म्हणाली, "हे चिकटतच नाहीत, आजी." तर ते म्हणाले, "आजीला दे. तिला ते, त्यांना नको तसे, धरता येतात."

त्या सोमवारी खाली एकशे बारा माणसं होती, ती सगळी वर आली. मास्तर दोन वर्षांनी, थंडीत, छातीच्या दुखण्यानं गेले. जावई गेल्या वर्षी जून महिन्यात वारले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आपल्या घरात. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.